नातिविदादचा पाय आणि पूर्वजाची शिट्टी

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सारकापे गावाच्या फुटबॉल मैदानावर तीनशे माणसं एका मडक्याकडे तोंड करून उभी होती.

मडकं काळं, जोडपोटाचं. दोन गोल पोटं तळाशी एका नळीनं जोडलेली, पुढच्या पोटाला उभी मान, मागच्या पोटावर मातीचं माकड बसलेलं. पांढरं कापड घातलेल्या टेबलावर ते एकटंच ठेवलं होतं. मायेस्त्रो सेलेदोनिओ, म्हणजे दुखणी बरी करणारा बुवा, मडक्यापासून चार हात लांब उभा राहायचा आणि दोन्ही तळवे लोकांना दाखवायचा. ज्याचं दुखणं त्यानंच पुढं यायचं, स्वतःच्या हातानं मडक्यात पाणी ओतायचं. मग मडकं बोलायचं किंवा गप्प राहायचं. बोललं म्हणजे शिट्टी वाजली. शिट्टी वाजली म्हणजे पूर्वजानं पदरात घेतलं. गप्प राहिलं म्हणजे घरच्यांनी मेणबत्त्या आणून ठेवाव्यात.

मायेस्त्रोच्या गळ्यात पितळेची थाळीएवढी चकती होती आणि खिशात दोन मोबाईल. "मी कोण?" तो विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. "मी कुणी नाही. मी दारावरचा शिपाई. साहेब आत बसलेत." असं म्हणून मडक्याकडे बोट. "दवाखान्यात तुमचं वजन करतात. इथं तुमचा जीव तोलतात. दवाखान्यात तुम्ही रांगेत, इथं रांगेत दीड हजार वर्षं उभा आहे तो पूर्वज. तुमच्यासाठी."

रांगेत दीड हजार वर्षं कोण कशाला उभं राहील, हा प्रश्न तीनशेंपैकी एकालाही पडला नाही. बाल्दोमेरो फारोन्यानलाही पडला नाही, आणि त्याला तर पडायलाच हवा होता.

कारण आता त्याची थोरली बहीण नातिविदाद टेबलाकडे निघाली होती.

नातिविदादचं चिचाचं घर गावात सगळ्यात जुनं. दारावर बांबूला पांढरं फडकं लागलं की मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेली दारू, तयार आहे असं समजायचं, आणि तिचं फडकं चाळीस वर्षांत चार दिवससुद्धा उतरलं नव्हतं. बाईला साखरेचा आजार. दीड महिन्यापूर्वी तळपायात आल्गारोबोच्या झाडाचा काटा शिरला, तो तिला कळलाच नाही. कळलं तेव्हा जखमेला वास यायला लागला होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर इवोननं पाय बघितला आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. आठवड्याच्या आत जा, सडलेलं कापून काढतील, पाय वाचेल. उशीर केलात तर पायच काढतील.

"कापून" हा शब्द ऐकला आणि नातिविदादचे कान तिथंच मिटले.

ती लंगडत टेबलाशी आली. मायेस्त्रोनं तिच्या पायाकडे बघितलंही नाही. तिच्या कानातल्या सोन्याकडे मात्र बघितलं असावं. त्यानं तिचा हात हातात घेऊन घरदार, मुलंबाळं, धंदापाणी विचारलं. मग डोळे मिटून म्हणाला, "हे मांसाचं दुखणं. मांसाला वाटी." आणि पाण्यानं भरलेली भोपळ्याची रुंद वाटी तिच्या हातात दिली.

तिनं ओतलं. मडक्यानं लांबलचक, स्वच्छ शिट्टी मारली. पहाटे शेतावर पाखरू ओरडावं तशी. बायांनी छातीवर क्रूस काढले, पुरुषांनी टोप्या काढल्या. मायेस्त्रोनं जाहीर केलं की पूर्वजानं हो म्हटलं आहे, या पायाला लोखंड लागता कामा नये, नऊ बाटल्या औषध आणि नऊ वेळा पाय धुणं.

नातिविदादनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी एप्रनच्या खिशातून काढली, चार घड्या घातल्या आणि बाल्दोच्या हातात ठेवली. "घे. चूल पेटवायला होईल."

आणि बाल्दोमेरो काय करत होता? अंगावर आलेला काटा खाली बसवत होता.

आता हा बाल्दोमेरो कोण, ते सांगायला हवं, म्हणजे त्याच्यावर किती हसायचं ते ठरवता येईल. गावामागं वाका आहेत. वाका म्हणजे जुन्या लोकांनी रचलेले कच्च्या विटांचे डोंगर, पावसानं आता ढेकळांसारखे झालेले. जगभरातले पाहुणे ते बघायला येतात, आणि बाल्दो त्यांना हिंडवून दाखवतो. पंचवीस वर्षं. शाळा सहावीपर्यंत, पण वाचन दांडगं. परग्रहावरून लोक येऊन हे बांधून गेले असं एखादा पाहुणा म्हणाला की बाल्दो त्याला उन्हात उभं करून विटांवरचे बोटांचे ठसे दाखवायचा आणि विचारायचा, परग्रहावरच्यांच्या नखांत चिखल जातो का. गावात त्याचं नाव होतं संशयी. तो स्वतःही स्वतःला संशयी समजायचा. दुसऱ्याच्या थापा त्याला कोसभर लांबून ओळखू यायच्या. स्वतःच्या मात्र नाकाखाली असूनही दिसत नसत.

गोष्ट अशी होती. बारा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी ऊन मी म्हणत होतं. पाहुणे कंटाळले होते. अकरा जण आणि अकरा जांभया. बाल्दोच्या हातात दाखवायला नेहमीचं नकली मडकं होतं, जोडपोटाचं, तसलंच माकडवालं. जुन्या थडग्यांत तशी मडकी सापडतात, आणि ती कशासाठी होती हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. "ठाऊक नाही" म्हटलं की पाहुणा घड्याळात बघतो. म्हणून बाल्दो आवाज खाली आणून म्हणाला, की चुमिक नावाचा एक वैद्य-पुजारी होता. आजाऱ्याच्या उशाशी तो हे मडकं ठेवायचा. मडक्यानं शिट्टी दिली की माणूस जगायचा, गप्प राहिलं की थडगं खणायला घ्यायचे.

जांभया थांबल्या. एक बाई रडली. त्या दिवशीची बक्षिसी महिन्याभराच्या बक्षिसीएवढी निघाली.

दुसऱ्या दिवशी बाल्दोनं चुमिकला एक मुलगी दिली. तिसऱ्या दिवशी ती मुलगी आजारी पाडली. सहा महिन्यांत गोष्टीला हात, पाय, डोळे फुटले. दोन वर्षांनी कुठल्याशा पाहुण्यानं ती लिहिली, मग ती माहितीपत्रकात छापून आली, आणि छापून आल्यावर बाल्दो माहितीपत्रकाचा हवाला देऊन ती सांगू लागला.

आणि या रविवारी मायेस्त्रो सेलेदोनिओनं मैदानावर उभं राहून चुमिकची गोष्ट सांगितली. मुलीसकट. जिथं बाल्दो थांबायचा तिथंच थांबून, जिथं आवाज खाली आणायचा तिथंच आणून.

कुठलाही शहाणा माणूस इथं हसला असता. बाल्दोच्या मनात काय आलं? त्याच्या मनात आलं, की या परक्या माणसालाही हीच गोष्ट ठाऊक आहे, म्हणजे ती खरीच असणार. मी रचली असं मला वाटलं, पण रचणारा मी कोण? पूर्वजांनीच माझ्या तोंडून वदवली असेल. स्वतःची उष्टी भाकरी परत ताटात आली आणि हा तिला प्रसाद समजून हात जोडून उभा.

दुपारी हात धुताना त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक पाहुणा आला होता. शहरी माणूस, डोक्यावर टोपी, हातात वही. चुमिकची गोष्ट त्यानं दोनदा सांगायला लावली होती. "तिथं परत एकदा थांबा, मालक," असंही म्हणाला होता. आणि मडकं कोण बनवतो, हे विचारून गेला होता.

टोपी काढून गळ्यात पितळेची चकती घातली की मायेस्त्रो.

सोमवारी डॉक्टर इवोननं बाल्दोला बोलावून घेतलं. वयानं त्याच्या मुलीएवढी, पण बोलणं आडपडदा न ठेवणारं. तिनं सांगितलं की पायाच्या दोन बोटांचा रंग बदलला आहे आणि शनिवारच्या पुढं तिच्या हातात काही नाही. तुमचं ऐकतील त्या, तुम्ही समजवा. बाल्दो म्हणाला, समजवायचं कशाला, मी त्या भोंदूचं पितळच उघडं पाडतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मडकं वाजतं कसं ते तुम्हाला कळलंय का? बाल्दो म्हणाला, त्यात काय कळायचं, पंचवीस वर्षं हाताळतोय.

मंगळवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, छातीवर वाटाड्याचा बिल्ला लावला, आणि मैदानावर जाऊन भाषण ठोकलं. भाषण चांगलं होतं, ते कबूल करायला हवं. पूर्वजांची विटंबना, गरिबाच्या दुखण्याचा बाजार, विज्ञानाचा प्रकाश. शेवटी त्यानं टेबलाच्या कापडाला हात घातला आणि सांगितलं, की मंडळी, याखाली पंप आहे, रबरी नळी आहे, आता बघा.

कापड उचललं. खाली टेबलाचे चार पाय होते आणि तिकडच्या जातीचं एक बिनकेसांचं काळं कुत्रं झोपलं होतं. कुत्र्यानं एक डोळा उघडून बाल्दोकडे बघितलं आणि कूस बदलली.

मैदान खदखदलं. तीनचाकी चालवणारा विल्मेर ओरडून म्हणाला की पंपाला शेपूट आहे, बाल्दो, जरा जपून.

बाल्दोनं माघार घ्यायला हवी होती. पण ज्याला आपण हुशार आहोत असं वाटतं तो माघार घेत नाही, तो दुसरी थाप शोधतो. तो म्हणाला, मग माकडाच्या डोक्यात यंत्र असणार, आवाज भरलेलं. मायेस्त्रो जराही चिडला नाही. त्यानं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि अदबीनं बाल्दोच्या हातात दिलं. "बघा, गुरुजी. तुमचंच समजा."

बाल्दोनं मडकं कानाशी हलवलं. वाकवून आत डोकावला. आणि वाकवलं तसं मडक्यानं त्याच्या हातातच खणखणीत शिट्टी मारली.

पुरुषांनी परत टोप्या काढल्या. मग टाळ्या. पूर्वजानं नास्तिकालाही हो म्हटलं होतं. मायेस्त्रोनं चौकशी केली, की तुम्हाला काही दुखणं आहे का? नाही? मग आता होणारही नाही.

इथं थांबून हे सांगायलाच हवं, की त्या क्षणी सगळं उत्तर बाल्दोच्या दोन तळहातांवर होतं. ना मंत्र, ना आजारी माणूस, ना श्रद्धा. मडकं वाकलं, आत पाणी हाललं, शिट्टी वाजली. पाच वर्षांच्या पोरानंसुद्धा ते परत वाकवून बघितलं असतं. बाल्दोनं ते घाईघाईनं टेबलावर ठेवलं, जसं काही मडक्यानं त्याला चावा घेतला होता. आणि घरी निघून गेला.

त्या दिवसापासून नातिविदाद त्याच्याशी बोलेना. तिनं निरोप पाठवला, की माझ्या पायावर तुझा मोठेपणा मिरवू नकोस. पायाच्या जखमेवर आता ती मायेस्त्रोचं हिरवं पाणी ओतत होती आणि वरून फडकं गुंडाळत होती, म्हणजे वास बाहेर येऊ नये. बाल्दोच्या भाषणानं एकच गोष्ट घडली होती. जे पन्नास जण मनातून कां-कूं करत होते, त्यांचीही आता खात्री पटली होती.

गुरुवारी दुपारी तो घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको एर्मेलिंदा नणंदेच्या चिचाघरातून परत आली. नातिविदादला उभं राहवत नव्हतं, म्हणून चार दिवस चिचा हीच ओतत होती. आल्या आल्या तिनं गिऱ्हाइकांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. आज वाटी सापडली नाही म्हणून अरुंद मानेच्या तुंब्यानं ओतली, तर धार करंगळीएवढी, एक पेला भरायला अर्धा दिवस. विल्मेर म्हणतो, काकू, चिचा देताय की डोळ्यांत औषध घालताय.

बाल्दो भिंतीला म्हणाला, आमच्या घरात आग लागली आहे आणि हिला धारेचं पडलंय.

एर्मेलिंदानं हातातला तुंबा उलटसुलट करून बघितला. मग तिनं विचारलं, "विल्मेरच्या बापानं कशानं ओतलं होतं?"

"कशात?"

"मायेस्त्रोच्या मडक्यात. वाटीनं की तुंब्यानं?"

बाल्दो उठून बसला. विल्मेरचा बाप गेल्या महिन्यात मायेस्त्रो शेजारच्या गावात असताना तिथं गेला होता. महिनाभर अन्न खाल्लं नव्हतं, नुसती कातडी आणि हाडं. मायेस्त्रोनं सांगितलं होतं, ही करणी आहे, करणीला तुंबा. मडकं गप्प राहिलं. आठ दिवसांत म्हातारा गेला आणि मडक्याची कीर्ती वाढली. आणि ती दोन मुलांची विधवा, जी फुकट औषध मागायला आली होती? तिलाही तुंबा. दुकानवाल्याची बायको, गुडघेदुखी? वाटी. नातिविदाद? वाटी. मरायला टेकलेल्याला तुंबा, कफल्लकाला तुंबा. ज्याच्याकडे देण्यासारखं काही आहे आणि जो नऊ बाटल्या संपेपर्यंत टिकेल, त्याला वाटी. सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सगळे मडक्याकडे बघत होते. ओतायच्या भांड्याकडे बघायला लागतं ते ओतणाऱ्या बाईचं डोकं.

बाल्दोचं नकली मडकं खिडकीत होतं. बारा वर्षं त्यात त्याच्या पेन्सिली आणि एक तुटका चष्मा राहत होता. बारा वर्षं तो ते हातात धरून जगाला शिट्टीची गोष्ट सांगत आला होता, आणि बारा वर्षांत त्यानं त्यात एक थेंब पाणी घातलं नव्हतं. रंग जाईल म्हणून.

एर्मेलिंदानं पेन्सिली काढून फेकल्या. वाटीनं भस्सकन पाणी ओतलं. मडकं वाजलं. कोंबड्या दारातून पळाल्या. तिनं मडकं पालथं करून रिकामं केलं, तेवढंच पाणी तुंब्यात भरलं आणि ओतलं. करंगळीएवढी धार गुळगुळ करत गेली. मडकं मुकं. परत वाटी, परत शिट्टी. परत तुंबा, परत गप्प. पाणी तेच, मडकं तेच, बाई तीच, आणि बाईला काही आजारही नव्हता, असलाच तर नवरा.

बाल्दोनं वाकून मडक्यावर टिचक्या मारल्या आणि मग त्याला सगळं दिसलं. पाणी पुढच्या पोटात पडतं. तळाच्या नळीतून मागच्या पोटात शिरतं. तिथं हवा भरलेली. हवेला बाहेर पडायला एकच वाट, माकडाच्या डोक्यातली बारीक शिट्टी. पाणी जोरात आलं की हवा जोरात निघते आणि शिट्टी वाजते. पाणी सावकाश आलं की हवाही हळूच, चोरासारखी, बिनआवाजाची सटकते. मडकं वाकवलं तरी तेच, पाणी मागं धावतं आणि हवेला ढकलतं. जुन्या कुंभारांनी किती नजाकतीनं घडवलं होतं ते. आणि आम्ही त्यात भूत बसवलं.

तो हसायला लागला. हसता हसता चपला शोधू लागला, की आत्ताच जाऊन सांगतो.

"काय सांगशील?" एर्मेलिंदानं विचारलं.

"शिट्टी का वाजते ते."

"ते अर्धं झालं. शिट्टी म्हणजे आयुष्य, हे त्यांना कुणी सांगितलं?"

बाल्दोची एक चप्पल पायात होती आणि एक हातात. ती तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी नातिविदादला पाय धुवायला बोलावलं होतं. ती टेबलाशेजारी खुर्चीवर बसली होती, चेहरा तापानं लाल, पाय बादलीत. एर्मेलिंदा काखेत खिडकीतलं मडकं आणि हातात वाटी-तुंबा घेऊन सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. बाल्दो मागोमाग. या वेळी बिल्ला नव्हता आणि शर्टाला इस्त्रीही नव्हती.

लोक जमले, कारण कुत्र्याचा दुसरा अंक बघायला मिळेल असं त्यांना वाटलं.

एर्मेलिंदानं भाषण केलं नाही. ती म्हणाली, "वन्सं, एवढं ओतून बघा," आणि वाटी दिली. हे बाल्दोचं पेन्सिलींचं मडकं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मायेस्त्रोनं हसून सांगितलं की ते बाजारातलं नकली मडकं, त्यात कोण पूर्वज बसणार. नातिविदादनं ओतलं. नकली मडक्यानं रविवारच्यासारखीच लांब शिट्टी मारली.

मग एर्मेलिंदानं मडकं रिकामं केलं आणि तिच्या हातात तुंबा दिला.

नातिविदाद चाळीस वर्षं ओतत आलेली बाई. तिनं तुंब्याची मान बघितली. बोट घालून बघितलं. बारीक धार सोडली, मडकं गप्प. मग तिनं तुंबा उचलला, टेबलाच्या कडेवर आपटून त्याची मान फोडली आणि उरलेलं पाणी एकदम ओतलं. मडकं वाजलं. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही. तिनं मान वर करून मायेस्त्रोकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, की आता तुमच्या साहेबांना माझ्या हातानं याच फुटक्या तुंब्यातून पाजते.

मायेस्त्रो म्हणाला, साहेब थकलेत. शुक्रवारी बोलत नाहीत.

विल्मेर पुढं आला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "माझ्या बापाला तुंबा दिलात," तो म्हणाला. "त्याला दवाखान्यात नेणार होतो. मडकं गप्प राहिलं म्हणून नाही नेला."

लोकांत कुजबुज सुरू झाली, पण ती अजून कुठल्याच बाजूला पडत नव्हती. एक म्हातारा म्हणाला, ते पाण्याचं आणि हवेचं असेल तसं असेल. हवेला बाहेर ढकलणारा पूर्वजच असेल की. शिट्टी म्हणजे आयुष्य, हे तर खरंच आहे ना? माहितीपत्रकात छापलंय. परदेशातले लोक वाचतात. आपला बाल्दोच सांगतो. चुमिकची गोष्ट खोटी आहे का?

सगळे बाल्दोकडे वळले. नातिविदादही.

पंचवीस वर्षांत बाल्दोनं या गावात एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे त्याच्या शब्दाला मान होता. त्यानं बहिणीच्या पायाकडे बघितलं. बादलीतलं पाणी हिरवं होतं आणि त्यात दोन बोटं काळी दिसत होती.

"खोटी आहे," तो म्हणाला. "मी रचली. बारा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, पाहुणे जांभया देत होते म्हणून. असला कुणी वैद्य नव्हता, पुजारी नव्हता. चुमिक हे माझ्या सासऱ्याच्या गाढवाचं नाव."

"डाव्या कानाचं टोक तुटलेलं होतं त्याचं," एर्मेलिंदानं दुजोरा दिला.

रविवारी गाढवाच्या नावानं बायांनी क्रूस आणि पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. मग हसणं थांबलं आणि लोक चिडले, आणि आश्चर्य म्हणजे मायेस्त्रोवर नाही, बाल्दोवर. ठकवणारा परका असला तर माणूस दैवाला दोष देतो, घरचा निघाला तर त्याचं मानगूट धरतो. एकानं त्याच्या अंगावर चिचाचा पेला रिकामा केला. दुसऱ्यानं त्याचा बाप काढला. या गडबडीत मायेस्त्रो सेलेदोनिओनं साहेबांना फडक्यात गुंडाळलं, काखेत मारलं, आणि शहराच्या रस्त्यानं निघालेली पहिली गाडी पकडली. नऊ बाटल्यांतली सातवी, आठवी आणि नववी टेबलावरच राहिल्या. डॉक्टर इवोननं नंतर त्या उघडून चव घेतली. हिरवा रंग घातलेलं साखरेचं पाणी होतं. साखरेच्या रोग्याला, साखरेचं पाणी.

नातिविदादनं पाय बादलीतून काढला. बाल्दो तिच्यापुढं वाकला तेव्हा तिनं त्याच्या तोंडात एक भडकावली. ती सगळ्यांना ऐकू आली. मग ती त्याच्याच खांद्यावर हात टेकून उभी राहिली.

"चिठ्ठी जाळलीस का?"

"नाही, ताई. खिशात आहे."

"मग उभा काय राहिलास? विल्मेरला गाडी काढायला सांग."

शहरातल्या डॉक्टरांनी पाय वाचवला. दोन बोटं मात्र गेली. आठवड्याभरापूर्वी आली असती तर कदाचित तीही राहिली असती, असं ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, जसं काही रोजचंच.

आता वाकांवर पाहुणे आले की बाल्दो मडक्यात पाणी ओततो आणि ते कसं वाजतं ते दाखवतो. कशासाठी बनवलं होतं, असं कुणी विचारलं की सांगतो, ठाऊक नाही. काही जण घड्याळात बघतात. बक्षिसी अर्ध्यावर आली आहे. गावात अजून पाच-सहा घरं त्याच्याशी बोलत नाहीत, आणि ती चूक आहेत असं त्याला वाटत नाही.

ही गोष्ट वाचून तुम्ही सारकापेच्या लोकांना हसला असाल तर जरा थांबा. तुमच्या गावातही कुणीतरी हात लांब ठेवून उभा आहे आणि दोन्ही तळवे तुम्हाला दाखवतो आहे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, भाषणानं तर मुळीच नाही. त्याच्या चमत्कारातली एक गोष्ट बदलून बघा. भांडं बदला, माणूस बदला, वार बदला. खरं असेल तर ते टिकेल. तो बदलू देत नसेल, तर तेच तुमचं उत्तर. आणि आपण स्वतः कुठं, कुणाला खूश करायला, कसली गोड थाप मारून ठेवली आहे, तेही एकदा आठवा, कारण बुवा हवेतून पीक काढत नाही, आपण पेरलेलंच कापतो. चूक कबूल केली तर माणसं आज ना उद्या माफ करतात. गेलेली बोटं परत येत नाहीत.